जागल

हरभरा घाट्यावर आला, तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे पिवळी पडू लागली, की आमच्या मोर्शीच्या पंचक्रोशीत, म्हणजे खाली सिंभोऱ्याजवळच्या नळदमयंती सागराच्या पाण्यापासून वर सालबर्डीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत, ज्याच्या नावावर दोन एकर जमीन आहे असा माणूस पौषातील थंडीची पर्वा न करता काठी, कंदील आणि घोंगडे घेऊन रात्री शेतावर जातो, मचाणावर किंवा झोपडीत पडतो, आणि रानडुकरांची किंवा रोह्यांची चाहूल लागताच उठून डबा वाजवीत हाळी देतो. याला वऱ्हाडात जागल म्हणतात. जागलीवरचा माणूस झोपतो खरा, परंतु त्याचा एक कान जागा असतो. आणि ही अर्धी झोप, अर्धी जाग ज्याच्या अंगात वर्षानुवर्षे मुरली आहे अशा माणसाने म्हातारपणी घरच्या बाजेवर झोपेत हाळी दिली, तर जुनी सवय उफाळून आली एवढाच अर्थ घरचे लोक घेतात. आम्हीही तोच घेतला होता. तो चुकीचा होता हे कळावयास आम्हांला सहा वर्षे लागली, आणि ज्या घरांत अजून ते कळलेले नाही त्यांच्याकरिता हा लेख लिहीत आहे.

माझे वडील तहसील कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. दिवसभर फेरफाराच्या नोंदी, जबान्या, पंचनामे आणि दरखास्ती, आणि हंगाम असला म्हणजे रात्री चार एकर संत्र्याची जागल, असा त्यांचा तीस वर्षांचा क्रम होता. निवृत्तीनंतर गुडघे कुरकुरू लागले तेव्हा बाग मक्त्याने दिली आणि जागल सुटली. त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री अडीच-तीनचा सुमार असेल, "हाट्! हाट्!" अशी वडिलांची खणखणीत हाळी ऐकू आली आणि पाठोपाठ आईची किंकाळी. मी धावत गेलो तो वडिलांचे डोळे मिटलेले, उजवा हात मात्र काठी फिरवावी तसा हवेत सपासप चाललेला, आणि आई भिंतीशी अंग चोरून त्यांना हाका मारीत होती, "अवो, उठा ना! सपन पाहून राह्यले तुम्ही. डुक्कर नाही, मी होय, मी!" खांद्याला हात लावताच ते क्षणात पूर्ण जागे झाले आणि कुंपण मोडून दोन रानडुकरे बागेत शिरली होती, त्यांतले एक अंगावर आले, असे स्वप्न त्यांनी पंचनामा लिहून द्यावा तितक्या तपशिलाने सांगितले. मग त्यांचे लक्ष आईच्या मनगटाकडे गेले. दोन बांगड्या फुटून काच आत रुतली होती. जन्मात बायकोवर हात न उगारलेला तो मनुष्य उरलेली रात्र ओसरीत बसून राहिला.

पुढे असे महिन्यातून एकदोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदोनदा होऊ लागले. शेजारी म्हणाले, जागलीची सवय आहे, जाईल. आत्याने बाहेरच्या बाधेची शंका घेतली आणि उतारा टाकविला. एका डॉक्टरांनी वय झाले म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. आईने आधी दोघांच्या मध्ये उशा रचल्या, मग आपले अंथरूण खाली घातले, आणि शेवटी ते दुसऱ्या खोलीत नेले. पाहुण्यांनी विचारले तर कूलरचा वारा सोसत नाही असे ती सांगे. याच काळात आणखी एक गोष्ट घडली, जिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला. माघात बाग फुलावर आली, सारा शिवार संत्र्याच्या फुलांच्या वासाने भरून गेला, आणि वडील बांधावर उभे राहून म्हणाले, "यंदा फुलांना वासच नाही." आम्ही समजलो, पडसे झाले असेल.

सहाव्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी, गोळी वळावी तशी, स्वस्थ बसल्या बसल्या हलू लागली. ज्यांच्या अक्षराची कचेरीत वाखाणणी होई त्यांची सही इतकी बारीक झाली की एका बँकेने ती जुळत नाही म्हणून पैसे काढण्याचा अर्ज परत केला. तेव्हा कोठे आम्ही त्यांना नागपूरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी हात पाहिला, चालावयास लावले, मनगट वळवून ताठरपणा अजमावला, कंपवात आहे असे सांगितले. आणि मग, आजवर कोणीही केली नव्हती अशी गोष्ट केली. दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या माझ्या आईला आत बोलावून त्यांनी विचारले, "आई, हे रात्री झोपेत काय करतात?" आई प्रथम गप्प राहिली आणि मग सहा वर्षांचे सारे काही एका दमात सांगून मोकळी झाली. वडील जन्मभर लोकांच्या जबान्या लिहून घेत आले होते. प्रत्यक्ष पाहणाराची जबानी नसेल तर प्रकरण अपुरे, हा कचेरीचा पहिला शिरस्ता. त्यांच्या स्वतःच्या प्रकरणात मात्र एकमेव साक्षीदार सहा वर्षे बाहेर बसून होता.

कंपवात, स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील पेशींचा हळूहळू ऱ्हास करणारे इतर आजार यांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे दिवसाची लक्षणे उभी राहतात: थरथरणारा हात, घसटणारे पाऊल, हरवलेली नावे. रात्र मात्र आजाराबाहेरची समजली जाते. वस्तुतः ज्या डॉक्टरच्या नावाने कंपवात जगभर ओळखला जातो त्या लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली अवघ्या सहा रुग्णांवरून जे पुस्तक लिहिले त्यातच झोप मोडते हे नमूद केले होते. परंतु पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे लक्ष हातापायांवरच खिळून राहिले, कारण झोप म्हणजे मेंदूचे बंद पडणे, त्यात पाहण्यासारखे काही नाही, अशीच समजूत होती. ती १९५३ साली मोडली. शिकागोत ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना असे आढळले की झोपेत ठराविक अंतराने एक अवस्था येते, जिच्यात मिटल्या पापण्यांआड बुबुळे वेगाने फिरतात, मेंदूचा विद्युत्प्रवाह जागेपणासारखा धावतो, आणि नेमके तेव्हा उठविले तर माणूस स्वप्न सांगतो. या अवस्थेला आपण स्वप्ननिद्रा म्हणू.

स्वप्ननिद्रेत निसर्गाने एक विलक्षण बंदोबस्त केलेला आहे. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या वर, जो मस्तिष्कस्तंभ असतो त्यातील काही पेशी या काळात श्वासाचा पडदा आणि डोळे वगळता सर्व अंगाच्या स्नायूंना शिथिल राहण्याचा हुकूम देतात. म्हणून स्वप्नात आपण कितीही धावलो तरी देह बाजेवर पडून असतो. फ्रान्समधील मिशेल जूवे यांनी १९६५ साली मांजरांच्या मेंदूतील हा भाग निकामी केला, तेव्हा ती मांजरे गाढ स्वप्ननिद्रेत उठून उभी राहू लागली आणि समोर नसलेल्या भक्ष्यावर झेप घेऊ लागली. माणसात हेच घडते याची रीतसर नोंद अमेरिकेतील मिनियापोलिस येथे कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली केली. झोपेत ठोसे मारणारे, पलंगावरून उडी टाकणारे, शेजारी झोपलेल्या पत्नीला इजा करणारे हे रुग्ण वेडे नव्हते, रागीट नव्हते, कोणत्याही बाधेने पछाडलेले नव्हते. त्यांच्या मस्तिष्कस्तंभातील हुकूम देणारा अंमलदार जागेवर राहिलेला नव्हता, इतकेच.

आणि येथून गोष्ट गंभीर वळण घेते. शेंक यांनी अशा वयस्कर पुरुषांपैकी २९ जणांवर लक्ष ठेवले. १९९६ पर्यंत त्यांतील ३८ टक्के लोकांना कंपवाताची लक्षणे सुरू झाली होती. आणखी सोळासतरा वर्षांनी पाहिले तेव्हा मेंदूच्या ऱ्हासाचा कोणता ना कोणता आजार जडलेल्यांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले होते. पुढे निरनिराळ्या देशांतील २४ केंद्रांनी मिळून १,२८० रुग्णांचा अभ्यास केला. २०१९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की ज्यांना दुसऱ्या कोणत्याही उघड कारणाशिवाय हा निद्राविकार आहे त्यांच्यापैकी दरसाल सुमारे सहा टक्के लोक कंपवाताकडे किंवा त्याच्या भावंड-आजारांकडे वळतात, आणि बारा वर्षांत हे प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांपर्यंत जाते. याचे कारण जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ साली मांडलेल्या नकाशावरून समजते. कंपवातात पेशींमध्ये एका प्रथिनाचे गोळे साचतात; हे साचणे बहुतेक रुग्णांत हात हलविणाऱ्या केंद्रापासून सुरू न होता वासाच्या ज्ञानतंतूंपासून आणि मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकापासून सुरू होते आणि वर चढत जाते. वास आधी जातो, कोठा जड होतो, झोपेतला बंदोबस्त सुटतो, आणि हात थरथरू लागेपर्यंत वर्षे उलटून गेलेली असतात. त्या माघात फुलांना वास होता. तो कळणाऱ्या पेशी गेल्या होत्या.

येथे एक सावधगिरीची सूचना केलीच पाहिजे. झोपेत बडबडणारा प्रत्येक माणूस कंपवाताच्या वाटेवर आहे असे मुळीच नाही. मुले बडबडतात, तापात मोठी माणसेही बडबडतात. काही मानसोपचाराच्या औषधांनी, दारू एकदम सोडल्याने, किंवा घोरताना श्वास अडकत असल्यानेही असे प्रकार होतात. निदान पक्के करावयाचे तर रात्रभर मेंदू, स्नायू आणि श्वास यांची यंत्रावर नोंद घ्यावी लागते आणि ती सोय मोठ्या शहरांतच असते. परंतु पन्नाशी उलटलेला मनुष्य वारंवार, विशेषतः उत्तररात्री, स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडीत असेल आणि उठविल्याबरोबर शुद्धीवर येऊन स्वप्न सांगत असेल, तर ती तपासण्याची बाब आहे. हा आजार थांबविणारे औषध आज हाती नाही हे खरे. तथापि इजा टाळता येते, काही औषधांनी झोपेतील मारामारी बरीच आटोक्यात येते, आणि आपल्याला काय झाले आहे हे माणसाला कळते. माझ्या वडिलांना सहा वर्षे असे वाटत राहिले, की आपल्या मनात बायकोविषयी काही तरी वाईट दडलेले आहे. हे ओझे कोणत्याही कंपापेक्षा भारी होते.

कंपवात जडल्यावर रात्री आणखी अवघड होतात. दिवसा मेंदूला रसद पुरविणाऱ्या गोळ्यांचा अंमल रात्री उतरतो आणि अंग लाकडासारखे होते. कुशीवर वळणे ही आपण झोपेत वीसवीसदा करतो अशी क्रिया. ती त्यांना जमेना. तहान लागली, लघवीला लागली, पायात गोळा आला, तरी जसे पडले तसे पहाटेपर्यंत. आमच्याकडे सुंभाची जुनी बाज होती. तिच्या झोळीत रुतलेल्या माणसाला कूस बदलणे अधिकच कठीण जाते हे आमच्या लक्षात आले नव्हते. फळीचा दिवाण, त्यावर पातळ घट्ट गादी, गुळगुळीत चादर, आणि पायथ्याच्या दांडीला बांधलेला एक जाड दोर, जो धरून त्यांना स्वतः उठून बसता येई, एवढ्या बदलाने आईला रात्री चारदा उठावे लागे ते एकदावर आले. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली, रात्रीकरिता सावकाश विरघळणारी गोळी दिली. दिवसा येणारी पेंग मात्र त्याच औषधांचा भाग होती, आणि तिचाही हिशेब डॉक्टरांपुढे ठेवावा लागला.

या गोळ्यांतील द्रव्य, लेव्होडोपा, आपल्या बांधावरच्या खाजकुयलीच्या बियांतही असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली ते त्या बियांतून वेगळे काढले होते. म्हणून आमच्या भागात कवचबीजाचे चूर्ण पुष्कळ लोक देतात. ते निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. पण प्रत्येक बीत द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, आणि गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता चूर्ण दिले तर मात्रा दुप्पट होऊन रात्री भास होऊ लागतात. हे मी दोन घरांत पाहिले आहे.

स्मृतिभ्रंशाची रात्र निराळी. ती दिवेलागणीला सुरू होते. आमच्या आळीतील एक आजीबाई, वय ऐंशीच्या पुढे, दिवसभर शांतपणे वाती वळीत बसत. सूर्य कलला की मात्र त्यांचा जीव खालीवर होऊ लागे. लुगड्याचा पदर खोचून त्या दाराशी जात आणि सुनेला म्हणत, "मले घरी जाऊ दे वं. माय वाट पाहून राह्यली असन." साठ वर्षांपूर्वी याच घरात त्या सून म्हणून आल्या होत्या. मुलगा प्रथम समजूत घाली, मग चिडे, मग कडी लावी, आणि मग आजी रात्रभर कवाड बडवीत. सून तिघांत शहाणी निघाली. तिने वाद घालणे सोडले. "चला आत्याबाई, मी सोडतो तुम्हाले," म्हणून ती त्यांचा हात धरून पुढल्या दाराने निघे, मारुतीच्या पारापर्यंत नेई, आणि परसातल्या दाराने आत आणून म्हणे, "हे पाहा, आलो आपण घरी." आजी पाटावर बसून पाणी पीत आणि निजत. कोणत्याही पुस्तकात वाचून ती हे शिकलेली नव्हती. पण स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा शिकविणारे लोक आज जगभर हेच सांगतात, की अशा वेळी पुरावा देऊ नका, सोबत द्या.

संध्याकाळी असे का होते, याचे एक कारण डोळ्यांच्या मज्जातंतूंच्या चौकाजवळ वसलेल्या काही हजार पेशींच्या पुंजक्यात आहे. तो आपल्या देहाचा घटकापात्र. डोळ्यांवाटे आलेल्या उजेडावरून तो दिवस कोणता आणि रात्र कोणती हे ठरवितो आणि झोप, ऊब, भूक यांच्या वेळा लावतो. ॲम्स्टरडॅमच्या डिक स्वाब यांनी १९८५ साली दाखविले, की उतारवयात आणि विशेषतः अल्झायमरच्या रुग्णांत या पुंजक्यातील पेशी पुष्कळच कमी झालेल्या असतात. घड्याळच झिजल्यावर दुपारी तीन तास झोप आणि रात्री दोन वाजता आंघोळीची घाई, हे हट्टाने होत नसते. ज्या रुग्णेवरून या आजाराचे वर्णन प्रथम झाले त्या फ्रँकफुर्टच्या आउगुस्टे डेटर बाई, एका रेल्वे कारकुनाच्या पत्नी, १९०१ साली ५१ व्या वर्षी रुग्णालयात आल्या तेव्हा गोंधळलेल्या अवस्थेत आपले अंथरूण इकडून तिकडे ओढीत फिरत असत, अशी नोंद डॉ. अल्झायमर यांनी करून ठेविली आहे. अंथरूण ओढीत फिरणारी म्हातारी वऱ्हाडात कोणी पाहिली नाही? भारतात साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख माणसे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. ८८ लाख घरे दिवेलागणीची वाट भीत भीत पाहत असतील.

यावर पहिला उपाय उजेड. नेदरलंड्समधील १२ वृद्धनिवासांत १८९ रहिवाशांवर केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिवसभर लख्ख प्रकाश ठेवल्याने बुद्धीची घसरण आणि उदासी काहीशी मंदावली. झोपेसाठी नुसती मेलाटोनिनची गोळी दिली तेव्हा मात्र मन अधिक खिन्न झाले. आमच्याकडे उजेडाची वाण नाही, परंतु म्हाताऱ्या माणसाला आपण घरातल्या सर्वांत अंधाऱ्या खोलीत ठेवतो. सकाळचे दोन तास त्याला अंगणात बसवावे, हाताला शेंगा निवडण्यासारखे काही काम द्यावे, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणावी, संध्याकाळ होण्यापूर्वीच घरभर दिवे लावावेत, रात्री न्हाणीच्या वाटेवर मंद दिवा ठेवावा. आणि गोळ्यांबाबत अतिशय जपावे. औषधाच्या दुकानातून कोणीही आणतो त्या सर्दीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ वाढवितात. झोपेच्या पुष्कळ गोळ्यांनी तोल जाऊन खुब्याचे हाड मोडते. आणि ज्यांना भास, ताठरपणा आणि विस्मरण एकत्र असते अशा ल्युई-पिंडांच्या आजारात भास बंद करण्याकरिता दिलेली काही औषधे जिवावर बेतू शकतात. म्हणून "मागच्या वेळी शेजाऱ्याला दिली होती ती" हा न्याय येथे चालत नाही.

कमी झोपेमुळेच हे आजार होतात काय, असा प्रश्न मला पुष्कळजण, विशेषतः ज्यांच्या शेतपंपाला वीज रात्रीच मिळते ते शेतकरी, कळवळून विचारतात. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या पंचवीस वर्षांच्या पाहणीत, ७,९५९ जणांच्या नोंदीवरून, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सतत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा संभव सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. झोपेत मेंदूतील टाकाऊ प्रथिने अधिक वेगाने धुतली जातात, असे माइकेन नेडरगार्ड यांनी २०१३ साली उंदरांवरून दाखविले. अलीकडे त्याविरुद्धही प्रयोग पुढे आले आहेत आणि वाद मिटलेला नाही. आजार झोप मोडतो आणि मोडलेली झोप आजाराला हात देते, अशी ही दुहेरी वाट असावी, असे माझे मत आहे. परंतु ज्याने लेकरांच्या तोंडात घास घालण्यासाठी रात्री ओलीत केले त्याला, "तू झोपला नाहीस म्हणून तुला हे झाले," असे सांगणे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही नाही.

या आजारांत झोप मोडते ती एकाची नव्हे. रुग्ण दुपारी झोपून घेतो. त्याची बायको किंवा सून दुपारी भांडी घासते. आईचा रक्तदाब वडिलांच्या निदानानंतर दुसऱ्याच वर्षी वाढलेला आढळला आणि ती न्हाणीत चक्कर येऊन पडली. तेव्हापासून आठवड्यातून दोन रात्री मी आणि एक रात्र माझी बहीण, अशी आम्ही जागल वाटून घेतली. शेतावरची जागलसुद्धा भावाभावांत पाळीपाळीने असते, घरची एकटीवर का असावी? अशा घरांना बळ देणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत: पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून शुभार्थींना म्हणजे रुग्णांना आणि शुभंकरांना म्हणजे त्यांची काळजी घेणाऱ्यांना एकत्र आणते, डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली मुंबईत स्थापन झालेल्या पार्किन्सन्स सोसायटीची केंद्रे राज्यात ठिकठिकाणी आहेत. स्मृतिभ्रंशाकरिता १९९२ पासून काम करणारी अखिल भारतीय संस्था आहे. २०१६ च्या कायद्याने कंपवाताची गणना दिव्यांगत्वात केलेली आहे, म्हणजे दाखल्याकरिता रीतसर अर्ज करता येतो. आणि ज्येष्ठ नागरिकांकरिता शासनाचा १४५६७ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी विस्मरणात हरवत चाललेला संस्कृत पंडित उभा केला आहे. तो घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा.

आमच्याच तालुक्यात महानुभाव पंथाचे रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर तेथे म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या ऐकीव गोष्टींवर विसंबून नव्हे. ज्याने जे पाहिले त्याच्यापर्यंत ते स्वतः गेले आणि त्याच्या तोंडून ते लिहून घेतले. सातशे वर्षांपूर्वी या मातीने जी रीत घालून दिली तीच मी वाचकांपुढे ठेवतो. घरात कोणी झोपेत ओरडत असेल, हात झाडीत असेल, दिवेलागणीला घरी जातो म्हणून उठत असेल, किंवा कूस बदलण्याकरिता हाक मारीत असेल, तर पंधरा रात्रींची नोंद एका वहीत ठेवा: किती वाजता, काय झाले, कोणती गोळी किती वाजता दिली होती, दुपारी किती झोप झाली. शक्य असल्यास मोबाईलवर चित्रीकरण करा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि जाताना त्या रात्री जिने जागून काढल्या तिला बरोबर घ्या, बाहेरच्या बाकावर बसवू नका, आणि आत गेल्यावर सर्वांच्या आधी तिला बोलू द्या.